गोल्फ: आधी स्वतःचं माप घ्या, मग क्लब घ्या

गोल्फची गोडी लागलेला माणूस भेटला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कुठला ड्रायव्हर घेऊ?" ड्रायव्हर म्हणजे सगळ्यात लांब मारायचा क्लब, आणि क्लब म्हणजे गोल्फची काठी. माझं उत्तरही ठरलेलं आहे: सध्या कुठलाच घेऊ नका. आधी स्वतःचं माप घ्या.

मी पिंपरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये नोकरी केली. डाय, जिग, फिक्श्चर हे माझं काम. जॉब हातात घेण्याआधी तो मोजायचा, हे अंगात भिनलेलं. चाळिशी उलटल्यावर गोल्फ धरला, आता अठराच्या आसपास हँडिकॅप आहे (म्हणजे कोर्सच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा, पारपेक्षा, साधारण तेवढे स्ट्रोक जास्त लागतात) आणि आठवड्यातून दोन सकाळी पुण्यात खेळतो. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की झाली. आपल्यासारख्या हौशी खेळाडूचा स्कोअर ताकदीने कमी होत नाही, मोजण्याने होतो. आपला हात केवढा, क्लब किती अंशात झुकलेला, चेंडू हवेतून किती यार्ड जातो, आजचं ग्रीन (होलभोवतीचं बारीक कापलेलं गवत) किती संथ, हे ज्याला माहीत आहे तो निम्म्या किमतीच्या सेटवर महागड्या सेटवाल्याला हरवतो. पुढे जे लिहितो आहे ते सगळं या एकाच हिशेबाने आहे. उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी लिहिलंय, डावखुऱ्यांनी बाजू उलट धराव्यात.

सेट

नियमाने बॅगेत जास्तीत जास्त 14 क्लब ठेवता येतात. ही वरची मर्यादा आहे, कमी ठेवले तर कुणी अडवत नाही. पहिलं वर्षभर सात पुरतात: एक थ्री-वूड किंवा भरपूर लॉफ्टचा (फेस, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, मागे झुकलेला) ड्रायव्हर, एक हायब्रिड (वूड आणि आयर्न यांच्या मधला), सहा नंबर आणि आठ नंबर हे आयर्न (धातूच्या चपट्या डोक्याचे), पिचिंग वेज, सँड वेज (जवळच्या उंच फटक्यांचे) आणि पटर (ग्रीनवर चेंडू घरंगळवायचा). क्लब कमी असले की प्रत्येकाची ओळख लवकर होते आणि बॅग खांद्यावर घेऊन चालता येतं.

जुना सेट घ्यायला अजिबात लाजू नका, फक्त बघून घ्या. आयर्नच्या फेसवरच्या खाचांतून नख फिरवा. नख अडकत नसेल तर त्या खाचा झिजल्या आहेत, वेजच्या बाबतीत तर असा क्लब घेऊच नका. स्टील शाफ्ट (दांडा) असेल तर डोक्याजवळच्या भागात गंजाचे खड्डे आहेत का ते पाहा, शाफ्ट तिथेच तुटतो. ग्रॅफाइट शाफ्ट उन्हात धरून हळूहळू फिरवा, केसाएवढी चीर असली तरी चमक तुटते. डोकं कानाशी धरून हलवा. आत काही खुळखुळलं तर कुठला तरी गोंद किंवा वजन सुटलेलं आहे. शाफ्ट जिथे डोक्यात शिरतो तिथली काळी रिंग वर सरकलेली असेल तर जोड ढिला होत असण्याची शक्यता आहे.

शाफ्ट किती लवचीक असावा यावर लोक तासन् तास बोलतात. साधा हिशेब असा की सात नंबरने हवेतून सव्वाशे-दीडशे यार्ड मारणाऱ्याला रेग्युलर, त्याहून कमी असेल तर सीनियर. स्टिफ शाफ्ट हा मर्दानगीचा दाखला नाही. साठीच्या पुढच्या मंडळींनी आयर्नलाही ग्रॅफाइट शाफ्ट घ्यावेत, कोपर आणि मनगट दुवा देतील.

चेंडूचं फार मनावर घेऊ नका. नियमाप्रमाणे त्याचं वजन 45.93 ग्रॅमपेक्षा जास्त नसावं आणि व्यास 42.67 मिलिमीटरपेक्षा कमी नसावा, आणि बरी कुठलीही कंपनी हे पाळते. दोन थरांचा, कडक कव्हरचा चेंडू स्वस्त असतो, सरळ जातो, झाडावर आपटून सहसा फाटत नाही. युरेथेन कव्हरचा चेंडू ग्रीनवर थांबतो हे खरं, पण तो थांबवायला लागणारा फटका तुमच्याकडे आल्यावरच त्याचे पैसे वसूल होतात. एक मात्र करा: एकच मॉडेल धरा आणि वर्षभर तेच खेळा. रोज नवा चेंडू काढलात तर चिप, म्हणजे ग्रीनजवळचा छोटा फटका, किती पळणार याचा अंदाज कधीच बसत नाही.

नंबरावर जाऊ नका, अंश विचारा

आयर्नवर कोरलेला आकडा हे माप नव्हे. जुन्या सेटमधल्या सात नंबरचा लॉफ्ट 34 ते 36 अंश असायचा, आजच्या कित्येक सेटमध्ये तोच 28 ते 30 असतो. म्हणजे आजचा सात हा जुना सहा किंवा पाचच आहे. "मी सात नंबरने एकशे साठ मारतो" म्हणणाऱ्याला आधी लॉफ्ट विचारावा.

याचा खरा फटका खाली, वेजमध्ये बसतो. सेटमधला पिचिंग वेज आता 43-44 अंशांचा येतो आणि सँड वेज 56 चा. मधे बारा-तेरा अंशांची दरी पडते. यार्डांत ती तीस-पस्तीस यार्डांची होते, आणि हौशी माणसाचा चेंडू नेमका त्याच अंतरावर येऊन पडतो. म्हणून पुढचा पैसा ड्रायव्हरवर न घालता 50 अंशांच्या वेजवर घाला. माझ्याकडे बेव्हल प्रोट्रॅक्टर (कोनमापक) आहे, मित्रांचे क्लब मी घरीच मोजून देतो. तुमच्याकडे नसेल तर सेटचं नाव आणि साल घेऊन कंपनीचा तक्ता बघा, बहुतेक ठिकाणी लॉफ्ट दिलेला असतो.

दुसरा कोन लायचा. क्लब जमिनीवर टेकवला की शाफ्ट आणि जमीन यांच्यात होतो तो. सात नंबरला साधारण 62-63 अंश असतो. उंच माणसाला क्लब जरा उभा लागतो, बुटक्याला जरा आडवा, पण नुसत्या उंचीवरून ठरवू नका. उंच माणसाचे हातही लांब असले तर हिशेब बदलतो. तपासायची रीत सोपी आहे. चेंडूवर जाड मार्करने एक ठळक रेघ ओढा. रेघ फेसच्या बाजूला आणि अगदी उभी राहील असा चेंडू ठेवा आणि सात नंबरने मारा. रेघेचा ठसा फेसवर उमटतो. ठसा उभा असेल तर लाय बरोबर. ठशाचं वरचं टोक टो-कडे, म्हणजे क्लबच्या बाहेरच्या टोकाकडे झुकलं असेल तर क्लब तुमच्यासाठी जास्त उभा आहे आणि चेंडू डावीकडे जायला बघेल. हीलकडे, म्हणजे शाफ्टच्या बाजूला, झुकलं असेल तर जास्त आडवा, चेंडू उजवीकडे. चार-पाच चेंडू मारून बघा, एकावर निकाल देऊ नका. लॉफ्ट जितका जास्त तितका लायचा दोष जास्त दिसतो, म्हणून वेज आधी तपासा.

हा कोन वाकवून दुरुस्त करता येतो, पण धातू बघून. फोर्ज केलेले आयर्न मऊ कार्बन स्टीलचे असतात, ते दोन-तीन अंश सहज वळतात. 17-4 स्टेनलेसचे ओतीव आयर्न कडक, ते अंश-दीड अंशाच्या पुढे ताणले तर मानेत तडकू शकतात. हे काम वाइस आणि पाइपने घरी करू नका. प्रो-शॉपमध्ये लॉफ्ट-लाय मशीन असतं, तिथेच द्या.

ग्रिप बदलणं मात्र घरी करा

आपल्याकडच्या उकाड्यात रबर ग्रिप लवकर मरतो. घाम, सनस्क्रीन आणि धूळ मिळून त्यावर चकाकी धरते, हात घसरू लागतो, माणूस नकळत जास्त आवळतो आणि मग खांद्यापर्यंत सगळं आखडतं. महिन्यातून एकदा कोमट पाणी, भांड्याचा साबण आणि जुना टूथब्रश घेऊन ग्रिप घासा, सावलीत वाळवा. धुऊनही चिकटपणा परत येत नसेल तर बदला.

आधी जाडी ठरवा. डाव्या हाताने क्लब धरल्यावर मधलं बोट आणि अनामिका यांची टोकं अंगठ्याखालच्या मांसल भागाला जेमतेम टेकली पाहिजेत. बोटं त्या भागात रुतत असतील तर ग्रिप बारीक आहे, पोचतच नसतील तर जाड. बारीक ग्रिपमध्ये मनगटं जास्त वळवळतात, जाड ग्रिपमध्ये वळायची तेवढी वळत नाहीत आणि चेंडू उजवीकडे सुटतो. खाली टेपचा एक थर वाढवला तरी हाताला फरक कळतो. घाम जास्त येत असेल तर सुताचे धागे असलेला कॉर्ड ग्रिप घ्या.

जुना ग्रिप कापताना पातं नेहमी आपल्यापासून लांब ओढा. ग्रॅफाइट शाफ्टवर आकडीचं पातं लागतं, सरळ ब्लेड धागे कापतं आणि शाफ्ट वाया जातो. जुनी टेप पूर्ण खरवडून काढा, खडबड राहिली तर ती ग्रिपमधून हाताला लागते. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावा आणि वरचं टोक इंचभर जास्त ठेवून शाफ्टच्या भोकात दुमडा. रंगाच्या दुकानात मिळणारं मिनरल टर्पेंटाइन घ्या. नव्या ग्रिपच्या टोकाचं बारीक भोक टीने (चेंडू ठेवायच्या खुंटीने) बंद करा, आत टर्पेंटाइन ओता, तोंडावर बोट ठेवून हलवा आणि तेच टेपवर सगळीकडे ओता. टेप पूर्ण ओली झाली पाहिजे. मग ग्रिपचं तोंड दाबून शाफ्टवर चढवा आणि एका दमात शेवटपर्यंत ढकला. मधे थांबलात तर तिथेच बसेल. क्लब जमिनीवर टेकवून ग्रिपवरची खूण सरळ करून घ्या, हे करायला मिनिटभर मिळतं. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ गॅस पेटलेला नको, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत क्लबला हात लावू नका.

हात, फेस आणि रांगोळी

तीन प्रकारे क्लब धरतात: उजव्या करंगळीने डाव्या तर्जनीवर बसणं, दोन बोटं एकमेकांत अडकवणं, किंवा दहाही बोटं ग्रिपवर ठेवणं. पहिल्या प्रकाराला हॅरी व्हार्डनचं नाव आहे, त्याने ब्रिटिश ओपन सहा वेळा जिंकली. जॅक निकलॉस आणि टायगर वूड्स बोटं अडकवतात. ज्यांचे हात लहान किंवा बोटं दुखरी आहेत त्यांनी दहा बोटांनी खुशाल धरावं. प्रकारापेक्षा महत्त्वाचं हे की क्लब डाव्या हाताच्या बोटांत बसला पाहिजे, तळव्यात नव्हे. वरून बघितल्यावर डाव्या हाताची दोन-अडीच पेरं दिसली पाहिजेत आणि अंगठा-तर्जनीमधला कोन उजव्या खांद्याकडे गेला पाहिजे. किती घट्ट धरायचं, तर सपाट घासताना कानस धरतो तसं: सुटू नये एवढं घट्ट, पण मनगट मोकळं.

आपल्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांचं दुखणं एकच, चेंडू उजवीकडे वळत जातो. स्लाइस. त्यावर सगळे सांगतात "डोकं खाली ठेव". डोक्याचा इथे फारसा संबंध नाही. चेंडू कुठल्या दिशेला निघणार हे मुख्यतः फेस ठरवतो, तीन-चतुर्थांशाहून जास्त वाटा त्याचाच. हवेत तो किती वळणार हे फेस आणि क्लबचा मार्ग यांच्यातल्या फरकावरून ठरतं. मार्गाच्या तुलनेत फेस उघडा असला की चेंडू उजवीकडे वळतो. उजवीकडे जातोय म्हणून माणूस आणखी डावीकडे बघून उभा राहतो, मार्ग आणखी आडवा होतो, फरक वाढतो आणि स्लाइस दुप्पट होतो. म्हणून आधी डावा हात थोडा उजवीकडे फिरवून पेरं दिसतात का ते बघा. फेस बंद व्हायला लागला की मार्ग बऱ्याचदा आपोआप सरळ होतो, कारण आता डावीकडे ओढायची गरज उरत नाही.

चेंडू फेसवर कुठे लागतो हे कळायला टाल्कम पावडर पुरते. फेसवर हलका हात फिरवा, मारा, ठसा बघा. ड्रायव्हरमध्ये तर हे पहिल्यांदा करा. चेंडू हीलकडे लागला की उजवीकडे वळतो, टो-कडे लागला की डावीकडे, आणि स्विंग ठीक असताना माणूस उगाच स्विंग दुरुस्त करत बसतो. ठसा सतत हीलला येत असेल तर बोटभर मागे उभे राहा.

आयर्नसाठी मी घरातली रांगोळी नेतो. जिथे टर्फ उडवायला परवानगी आहे अशा सरावाच्या जागी पायांच्या मधोमध हातभर लांब आडवी रेघ ओढायची, म्हणजे चेंडू जायच्या दिशेला काटकोनात. चेंडू ठेवायचा नाही. रेघेवर चेंडू आहे असं धरून आठ नंबरने स्विंग करायचा आणि गवत कुठून उचकटलं ते बघायचं. खड्डा रेघेवर सुरू होऊन पुढे गेला तर उत्तम, कारण आयर्न आधी चेंडूला आणि मग मातीला लागला पाहिजे. खड्डा रेघेच्या मागे पडला तर वजन उजव्या पायावर राहिलेलं आहे. रेघ ओलांडून दहा-दहा स्विंग करत पुढे सरकायचं. हौशी माणसाने महागड्या यंत्राआधी हाच सराव करावा, असं माझं ठाम मत आहे. रांगोळी खोटं बोलत नाही आणि लगेच सांगते. ड्रायव्हरला मात्र उलट, चेंडू डाव्या टाचेसमोर आणि टी उंच. तिथे क्लब वर येत असताना चेंडूला लागायला हवा.

आपलं अंतर

रेंजवर (सरावाच्या मैदानावर) जाऊन प्रत्येक क्लबने दहा चेंडू मारा. सगळ्यात लांबचे दोन आणि सगळ्यात जवळचे दोन सोडून द्या. उरलेल्या सहांची सरासरी हे तुमचं खरं अंतर, आणि तेही हवेतून, घरंगळणं सोडून. रेंजचे चेंडू बरेचदा थोडे कमी जातात, एवढं लक्षात ठेवा. आकडे लिहून बॅगेत ठेवा. बहुतेकांच्या मनात आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या फटक्याचा आकडा असतो आणि ते त्यावर क्लब निवडतात. म्हणून ग्रीनजवळ पडणारे बहुतेक फटके तोकडे पडतात.

माझे बरेचसे स्ट्रोक कॅडीने, म्हणजे बॅग घेऊन सोबत चालणाऱ्याने, वाचवलेत. मी सात नंबर काढला की तो हळूच म्हणतो, "साहेब, सहा घ्या. वरचं वारं समोरून आहे." झाडाच्या शेंड्याकडे बघून तो सांगतो, मी जमिनीवरच्या झेंड्याकडे बघत असतो. जिथे खेळाल तिथल्या कॅडीला आदराने विचारा. तो ते ग्रीन रोज बघतो, आपण आठवड्यातून दोनदा. मात्र 2019 पासून एक नियम आहे: तुम्ही फटक्यासाठी उभे राहायला लागल्यावर कॅडीने तुमच्या मागे रेषेत उभं राहून दिशा दाखवायची नाही.

लेझर रेंजफाइंडर चालतो, पण स्पर्धेत चढ-उतार मोजणारी सोय बंद ठेवावी लागते. अंतर झेंड्याचं मोजा आणि मारा मात्र ग्रीनच्या मधोमध. झेंडा बंकरमागे (वाळूच्या खड्ड्यामागे) कोपऱ्यात असेल तर तो आपल्यासाठी नाही.

शंभर यार्डांच्या आत

इथे एक वाक्य पाठ करा: शक्य असेल तर पटर, नाही तर चिप, दोन्ही नाही जमत तेव्हा उंच फटका. एप्रिल-मे मध्ये आपल्या कोर्सेसवर ग्रीनच्या कडेची जमीन भाकरीसारखी कडक होते. तिथे जाड तळाचा, जास्त बाउन्सचा वेज आपटून उसळतो आणि चेंडूच्या पोटात लागतो. आठ नंबर घ्या, पटरसारखा धरा, चेंडू हातभर उडवा आणि बाकी पळू द्या. पावसाळ्यात नेमकं उलट, ओल्या मातीत कमी बाउन्सचा वेज रुततो, तिथे जास्त बाउन्स कामाला येतो.

बंकरमध्ये आधी फेस उघडा, मग ग्रिप धरा, उलट क्रमाने नाही. वजन डाव्या पायावर. चेंडूच्या साधारण दोन इंच मागे वाळूत मारा आणि स्विंग पूर्ण करा. चेंडूला क्लब लागतच नाही, वाळूचा थर त्याला बाहेर काढतो. सँड वेज हे हत्यारच त्यासाठी आहे. जीन साराझेनने तळ जाड करून बनवलेल्या वेजने 1932 ची ब्रिटिश ओपन जिंकली. पाऊस पडून वाळू दबली असेल तर फेस कमी उघडा आणि स्विंग छोटा करा, चेंडू जोरात निघतो. सरावाचा स्विंग करताना वाळूला क्लब लावायचा नाही, दंड पडतो. चेंडूजवळचं वाळलेलं पान किंवा काडी मात्र 2019 पासून उचलता येते.

पटिंग: एक अंश

होलचा व्यास 108 मिलिमीटर. चेंडू 42.67. म्हणजे अडीच चेंडू शेजारी-शेजारी बसतात. आता तीन मीटरवरून सपाट ग्रीनवर पट करायचा आहे आणि तुमचा पटर एक अंशाने उघडा आहे. तीन मीटरला एक अंश म्हणजे सुमारे 52 मिलिमीटर. होलच्या मध्यापासून कड 54 मिलिमीटरवर. म्हणजे एक अंशाची चूक चेंडूला होलच्या काठावर नेऊन सोडते, आणि वेग थोडा जास्त असला तर काठ त्याला आत घेत नाही. तीन मीटरवरून बरेच पट हुकतात त्याचं कारण हे आहे. हाताला दोष देण्याआधी पटरची दिशा तपासा.

घरी फरशीच्या सांध्यावर करा. सांध्याच्या रेषेत चेंडू ठेवा, पटरच्या दोन्ही बाजूंना एकेक नाणं बोटभर अंतरावर ठेवा आणि नाण्यांना न लागता मारा. चेंडू सांध्यावरून दोन फरशा सरळ गेला पाहिजे. रोज दहा मिनिटं पुरतात, आणि पावसाळ्यातही करता येतं.

वेगाचा सराव वेगळा. लांबच्या पटमध्ये दिशा क्वचित चुकते, अंतरच चुकतं. सरावाच्या ग्रीनवर पाच, दहा आणि पंधरा पावलांवरून मारा आणि होलकडे न बघता चेंडू कुठे थांबला ते सांगायचा प्रयत्न करा. आपल्याकडच्या बर्म्युडा गवताच्या ग्रीनवर गवताची झुकण्याची दिशा मोठं काम करते. होलकडे बघताना गवत चमकत असेल तर ते तुमच्यापासून दूर झुकलंय, चेंडू पळेल. काळपट दिसत असेल तर समोरून झुकलंय, जरा जोर लावा. खात्री करायची तर होलची कड नीट बघा. एका बाजूची कड कापलेली स्वच्छ दिसते, दुसऱ्या बाजूला गवत तुटून पिंजारलेलं असतं. गवत त्या पिंजारलेल्या बाजूकडे वाढतंय.

पाऊस, कावळे आणि नियम

आमच्याकडे जूनपासून खेळ वेगळाच होतो. चेंडू जिथे पडतो तिथेच थांबतो, म्हणून सगळा हिशेब हवेतल्या अंतराचा. ड्रायव्हरवर जास्त लॉफ्टचा फायदा याच दिवसांत कळतो. बॅगेत दोन टॉवेल ठेवा, एक छत्रीच्या आत टांगलेला, कोरडा. वीज कडाडली तर सायरनची वाट बघू नका. विजेचा धोका वाटला तर खेळाडू स्वतःहून खेळ थांबवू शकतो, नियमच तसा आहे. झाडाखाली उभे राहू नका, क्लबहाउस किंवा गाडी गाठा.

पावसाळ्यात कामाला येणारे नियम फार जणांना माहीत नसतात आणि लोक फुकटचे स्ट्रोक घालवतात. उभं राहिल्यावर बुटाभोवती पाणी दिसत असेल तर ते टेम्पररी वॉटर, फुकट सुटका मिळते: जिथे पाण्याचा त्रास पूर्ण जातो तो सगळ्यात जवळचा बिंदू, तिथून एक क्लब अंतर, होलच्या जवळ नाही, आणि चेंडू गुडघ्याच्या उंचीवरून सोडायचा. चेंडू स्वतःच्याच खड्ड्यात रुतला असेल तरीही फुकट सुटका. बंकरमध्ये रुतला तर मात्र नाही. लोकल रूलने प्रिफर्ड लाइज (चेंडू उचलून बऱ्या जागी ठेवायची मुभा) लावले असतील तर किती अंतरात चेंडू ठेवायचा ते पहिल्या टीवरच (खेळ सुरू होतो तिथे) विचारून घ्या.

साप, मधमाश्यांचं पोळं, तांबड्या मुंग्या यांच्याजवळ चेंडू गेला आणि खेळणं धोक्याचं असेल तर दंड नाही, सुरक्षित जागी सोडायचा. झुडपातून चेंडू काढायला हात घालण्याआधी हा नियम आठवा. कावळा चेंडू उचलून नेतो हेही मी पाहिलंय. त्याने नेला हे नक्की असेल तर दंड नाही, होता तिथे दुसरा चेंडू ठेवा. कावळ्याने नेला असावा असं नुसतं वाटलं तर पुरत नाही.

चेंडू शोधायला तीन मिनिटं, पूर्वी पाच होती. झाडीत गेलेला वाटला की पुढे जाण्याआधी मोठ्याने "प्रोव्हिजनल" (तात्पुरता चेंडू) म्हणा आणि दुसरा मारा. न बोलता मारलात तर तोच तुमचा चालू चेंडू होतो, एका दंडासह. आणि फटका कुणाकडे चालला असेल तर बेंबीच्या देठापासून "फोर!" ओरडा, लाज धरू नका. समोर माळी काम करत असतील तर ते सरकेपर्यंत थांबा, आपल्या खेळासाठी ते उन्हात उभे असतात.

ग्रीनवर चेंडूने पडलेला खळगा काट्याने दुरुस्त करताना माती वर उचकटू नका, मुळं तुटतात. कडेची माती आत मध्याकडे ढकला आणि पटरने दाबा. आपला एक आणि आणखी एक, असं करायची सवय लावा.

खेळायचं कुठे

क्लबचं सभासदत्व महाग आहे आणि मिळायला वेळ लागतो, हे खरं. पण त्यासाठी अडून बसू नका. रेंजवर सुरुवात करा, एखादा प्रशिक्षक धरून पहिले काही धडे घ्या, चुकीची ग्रिप एकदा बसली की सुटत नाही. मुंबईकरांना खारघरला सिडकोचा कोर्स आहे, तिथे सभासद नसतानाही पैसे भरून खेळता येतं. पुण्यात आणि इतरत्र काही कोर्स पाहुण्यांना ठरावीक दिवशी घेतात, फोन करून विचारा. घरात मुलं असतील तर त्यांनाही न्या. पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळला आणि त्याच ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक चौथी आली. मुलांना ही नावं सांगा, डोळे चमकतात.

स्पर्धेची सुरुवात स्टेबलफर्डने, म्हणजे गुणांच्या पद्धतीने, करा. हँडिकॅप धरून बोगीला (पारपेक्षा एक जास्त) एक गुण, पारला दोन, बर्डीला (एक कमी) तीन. एखाद्या होलवर सगळं बिघडलं तर शून्य घ्या, चेंडू उचला आणि पुढे चला. 2020 पासूनच्या जागतिक पद्धतीत तुमच्या शेवटच्या 20 कार्डांतली सगळ्यात चांगली 8 धरून हँडिकॅप निघतो आणि कमाल मर्यादा 54.0 आहे, म्हणजे अगदी नव्या माणसालाही हँडिकॅप मिळतो. फक्त चांगला दिवस गेला तेव्हाचंच कार्ड देऊ नका, सगळी द्या. नाहीतर आकडा खोटा होतो आणि स्पर्धेत त्याचा त्रास तुम्हालाच होतो.

कार्डावर स्कोअरशिवाय चार रकाने मी पेनने आखून घेतो: टीवरून फेअरवे (मधली कापलेल्या गवताची वाट) मिळाला का, ग्रीन नेमक्या स्ट्रोकमध्ये गाठलं का, पट किती, आणि दंडाचे स्ट्रोक किती. महिनाभराची कार्डं शेजारी ठेवली की पुढच्या महिन्यात रेंजवर जायचं की सरावाच्या ग्रीनवर, हे त्या रकान्यांवरून ठरवतो. माझ्या कार्डांत बहुतेक वेळा पटचा रकानाच जड निघतो, म्हणून सध्या रेंजचे पैसे वाचतात आणि वेळ ग्रीनवर जातो.